गोडं पाणी

पहिल्याच दिवशी कॉलिनने अर्ज परत दिला.
"आडनावाच्या रकान्यात महिना लिहिलायस."
म्हटलं, महिनाच आहे आडनाव.
शेवॉन सप्टेंबर.
कुणा खापरपणज्याला ज्या महिन्यात विकला
तो महिना त्याच्या गळ्यात बांधला,
अजून सुटला नाही.
कॉलिन न्यूझीलंडचा. त्याने कान खाजवला
आणि म्हणाला, गाठींपासून सुरू करू.

गाठी मला येत होत्या.
काल्क बेच्या धक्क्याला, बाबाच्या होडीत,
पहाटेच्या अंधारात, बधिर बोटांनी,
स्नूकचे दात चुकवत शिकलेल्या.
नावं तेवढी निराळी.
आम्ही जिला म्हातारीचा कान म्हणतो
तिला इथे दहा सेकंदांची मुदत.
मी सहात बांधली.
"छान. आता पुन्हा. या वेळी मान वर,
चेहरा हसरा. पाहुणे बघत असतात."

मग दोन आठवडे नुसतं पुसणं.
सागवान घासायचं ते रेषांना आडवं,
उभं घासलं की लाकडाचा जीव निघून येतो.
कठड्याच्या स्टीलला टूथब्रश,
बिजागरीला कानातली काडी.
चामड्याचं फडकं पिळायचं, ओढायचं, पिळायचं,
वरून खाली, ऊन पोचायच्या आत,
कारण थेंब वाळला की डाग,
आणि डाग दिसला की कॉलिन काही बोलत नाही,
फक्त तिथे बोट ठेवून उभा राहतो.

"समुद्र बोटीच्या बाहेर," तो म्हणाला.
"आत त्याची खूणसुद्धा नको."
धक्क्याला लागलं रे लागलं
की नाळेपासून वरामापर्यंत
सगळी बोट गोड्या पाण्याने धुवायची.

आमच्या घरात समुद्र कुठे नव्हता?
उशीत होता, दाराच्या कडीत,
पावाच्या डब्याच्या गंजात,
बाबाच्या भुवयांत पांढरा.

तलावातल्या परीक्षेला
नारिंगी तराफा मुद्दाम उलटा टाकलेला.
एकटीने सुलटा करायचा:
पट्टा धरायचा, मागे झोकून द्यायचं,
तो अख्खा अंगावर येतो.
खाली क्षणभर काळोख, रबराचा वास.
तिथे बाबा आठवला,
चाळीस वर्षं दर्यावर, पोहता येत नाही.
म्हणतो, पोहणाऱ्याला मरायला वेळ लागतो.
वर आले तेव्हा कुणीतरी कागदावर
बरोबरची खूण करत होतं.

नोकरीच्या अर्जासाठी फोटो.
पांढरा शर्ट, कॉलर ताठ.
एजंटबाईंनी आंतीबहून कळवलं:
मागे समुद्र हवा,
केसांत वारा नको.

निघायच्या आदल्या रविवारी बाबाची होडी आली.
मी काय केलं ते मलाच नंतर कळलं.
धक्क्यावरच्या नळाला पाइप लावला
आणि होडीची कड धुवायला लागले,
खिशातलं फडकं काढून, वरून खाली.
स्नूक साफ करणाऱ्या बाया
सुरी थांबवून हसत होत्या.
हाच नळ. दुष्काळात याच्यापुढे
आम्ही दोन-दोन तास कॅन घेऊन उभे होतो.

बाबाने येऊन नळ बंद केला.
ओरडला नाही.
कडेवरून अंगठा फिरवला, चाटला.
"मीठ आहे ते, शेवॉन.
खाल्लंय आपण."

मग आत उतरून त्याने दोर फेकला,
न सांगता, नेहमीसारखा.
मी झेलला, खांबाला घातला,
म्हातारीचा कान, एक ओढ, झाली.
किती सेकंद, कुणी मोजलं नाही.

वर येताना तो म्हणाला,
"बांधताना हसत होतीस."

मी तोंडाला हात लावून बघितला.